गणपतीच्या दिवसांत येणारा धोबी

गणपतीच्या सुमारास, पाऊस पुरता सरलेला नसताना, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या ओढ्याकडे जरा लक्ष ठेवा. एखाद्या ओल्या दगडावर सडसडीत अंगाचा, करड्या पाठीचा आणि शेपटीखाली पिवळाजर्द असा पक्षी उतरतो. उतरल्यापासून त्याची लांब शेपटी वर-खाली, वर-खाली, धुणं आपटावं तशी. हा करडा धोबी. पांढऱ्या भुवयांचा काळा-पांढरा धोबी आपल्याकडे बारा महिने दिसतो. हा मात्र हिमालयातल्या किंवा त्याच्याही उत्तरेच्या डोंगरी ओढ्यांवरून आलेला असतो. वजन जेमतेम 18 ग्रॅम.

या पक्ष्यांना आपण ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतो. मला हे नाव पटत नाही. भाद्रपदात हिवाळा कुठला? भोरड्यांचे थवे तर ऑगस्टमध्येच येऊ लागतात. सप्टेंबर उलटेपर्यंत बागेतल्या झाडांच्या शेंड्यांतून ‘चि-वी, चि-वी’ ऐकू येऊ लागतं. तो हिरवट पर्णवटवट्या. सात-आठ ग्रॅमचा हा जीव आल्या दिवसापासून चार झाडांची आपली हद्द ठरवतो आणि दिवसभर ओरडून ती राखतो. हे सगळे निघाले तेव्हा त्यांच्या गावी उन्हाळा सरत आलेला असतो, संपलेला नसतो. थंडीने हाकललं म्हणावं, तर थंडी अजून पडलेलीच नसते.

मग निघायची वेळ त्यांना कळते कशी? या कोड्याची पहिली गाठ विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने सोडवली. 1920 च्या दशकात कॅनडातल्या एडमंटन इथे त्याने जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि ऐन हिवाळ्यात दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. तरीही त्या पक्ष्यांच्या जननग्रंथी वसंत आल्यासारख्या वाढल्या. पक्ष्याचं शरीर ऋतू ओळखतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून, हे त्यातून दिसलं. थंडी एखाद्या वर्षी लवकर येते, एखाद्या वर्षी उशिरा. दिवस मात्र 21 जूननंतर दरवर्षी त्याच हिशेबाने लहान होत जातो. त्यावर विसंबणारा पक्षी किडे मुबलक आहेत तोवरच पोटभर खातो, अंगावर चरबी चढवतो आणि निघतो. थंडीची वाट पाहिली, तर प्रवासाची शिदोरी बांधायला किडेच उरणार नाहीत.

दिशेचं काय? लहान पक्ष्यांच्या अनेक जातींत त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं आईबापांच्या सोबतीशिवाय प्रवास करतात. डच शास्त्रज्ञ पेर्डेक यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचे युरोपातले भाऊबंद. हेग शहराजवळ वाटेत पकडलेले असे 11,000 हून अधिक पक्षी स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. जाणत्या पक्ष्यांनी चूक ओळखली आणि वायव्येला वळून ते नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेले तरुण मात्र जन्मजात दिशेनेच उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये पोचले. दिशा वारशाने मिळते, ठिकाण मात्र अनुभवानेच कळतं. एम्प्रेस गार्डनच्या ओढ्यावरचा धोबी पहिल्या खेपेचा असेल, तर त्याने हा ओढा आधी कधीच पाहिलेला नसतो. हे मनात आणून त्याच्याकडे पाहिलं की माझा पाय तिथून निघत नाही.

आता परतीचा प्रश्न. साठ अंश उत्तरेला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ 13 तासांचा फरक असतो. पुण्यात तो दोन तासांहून थोडाच जास्त. एवढ्याशा फरकावर सगळी भिस्त कशी ठेवायची? जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी काही वटवट्यांना कायम 12 तास उजेड आणि 12 तास अंधार अशा खोलीत दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलं. बाहेरचा ऋतू कळायचा मार्गच नव्हता. तरीही साधारण वर्षाच्या अंतराने त्यांची पिसं झडली, नवी आली आणि प्रवासाच्या हंगामात ते रात्री-रात्री बेचैन होऊन पंख फडफडवत राहिले. वर्षाचं घड्याळ त्यांच्या शरीरातच चालू होतं. लांबी बदलणारा दिवस ते फक्त जुळवून घेतो.

चैत्राच्या आगेमागे एके सकाळी ओढ्यावरचा दगड रिकामा दिसतो.