पीचचा ट्रक नव्हताच

ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी सदर्न रॉक बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन पीच वाहून नेणाऱ्या ट्रकवर आदळून मरण पावला आणि म्हणूनच पुढच्या अल्बमचे नाव ‘ईट अ पीच’ पडले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी जॉर्जियातील मेकन शहरात २४ वर्षांच्या ड्वेनच्या मोटारसायकलला ज्या ट्रकमुळे अपघात झाला, त्यावर लाकूड उचलण्याची क्रेन होती. (ऑक्टोबरअखेर तिथला पीचचा हंगामही केव्हाच सरलेला असतो.) नाव सुचले ते ड्वेनच्याच मुलाखतीतून: जॉर्जियात आलो की शांततेसाठी एक पीच खातो, असे तो गमतीने म्हणाला होता. मात्र १९७२ मध्ये निघालेल्या त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ट्रकवर लादलेला अवाढव्य पीच झळकला, आणि अफवेला एवढे खतपाणी पुरले.