तलावातला मासा का बदलला

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मासा म्हणजे तलावातला मासा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, म्हणून आजही ते 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलाव. शेतकऱ्याच्या धानाला पाणी, ढिवरांना म्हणजे मासेमार समाजाला मासे. तेव्हा बी, म्हणजे माशाची पिल्लं, विकत आणावं लागत नसे. पहिल्या पावसात नाला चढला की मासाही चढायचा आणि उथळ पाण्यातल्या गवतात अंडी घालायचा. मरळ, शिंगी, गावठी मांगूर, झिंगे सारे त्या गवताच्या आधाराने वाढायचे.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ कोणी काढायचा, हे मात्र गावात कोणी विचारेनासं झालं. बेशरम हे तण माजलं.

1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. रोहू, कटला, मृगळ यांचं बी हुकमी मिळू लागलं. मागोमाग परदेशी गवत्या (ग्रास कार्प), चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) आले. ते लवकर वाढतात, वजन भरतं, मच्छीमार सोसायटीला पैसा दिसतो. ढिवरांनी ते का सोडले असते? पण गवत्या पाणवनस्पती खातो आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. गावठी माशाचं अंडी घालण्याचं ठिकाणच गेलं. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं, आणि ते कोणाच्या हिशेबात आलं नाही.

त्यानंतरचा धोका आफ्रिकन मांगूरचा. तो हवेत श्वास घेतो, घाण पाण्यात तगतो, दुसरे मासे फस्त करतो. कत्तलखान्यातलं सडकं मांस घालूनही तो पोसला जातो, म्हणून खाणाऱ्याच्या तब्येतीचीही काळजी. केंद्राने 2000 साली त्यावर बंदी घातली, तरी पैदास चोरून चालू राहिली. बाजारात तो 'मांगूर' म्हणूनच खपतो आणि बदनाम होतो गावठी मांगूर, हे मला फार लागतं.

पाण्याची चिंता वेगळी नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी गोसेखुर्दच्या जलाशयात उतरतं. त्याच पाण्यात जाळी पडतात.

भंडारा जिल्ह्यात ढिवरांनी काही तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांतल्या काही तलावांत गावठी मासा परतला आहे.