रोडस्टर

रोडस्टर : दोघांनी बसायची, कायमचे छप्पर नसलेली आणि वजनाला हलकी मोटारगाडी. पाऊस आला तर कापडी हूड ओढून घ्यायचे, एरवी ते आसनांमागे घडी घालून ठेवायचे. इटलीत अशा गाडीला ‘स्पायडर’ म्हणतात. आपल्याकडे टप उघडणाऱ्या कुठल्याही गाडीला सरसकट ‘कन्व्हर्टिबल’ म्हटले जाते. पण चार आसनांच्या गाडीचा टप कापला म्हणून ती रोडस्टर होत नाही. उघडी जीपही यात मोडत नाही, कारण ती माणसे आणि ओझे वाहण्यासाठी उंच बांधलेली असते.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला हा फरक शर्यतीच्या छकड्यावरून चटकन कळेल. ऊस वाहणारी गाडी आणि छकडा, दोन्ही बैलच ओढतात. पण छकड्यावर हाकणाऱ्यापुरती जागा असते, नको ते लाकूड आधीच काढून टाकलेले असते. रोडस्टर घडवणाऱ्यांनी मोटारीचे तेच केले. तिचे खरे लक्षण वेग नाही, हलकेपणा आहे.

‘रोडस्टर’ हा शब्द इंग्रजीत आधी रस्त्यावरच्या प्रवासाला चांगल्या घोड्यासाठी वापरत, मग सायकलींसाठी. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९१६ मध्ये ‘दोन किंवा तीन जणांची उघडी गाडी’ अशी त्याची व्याख्या केली. मोटारीचे छप्पर काढून रोडस्टर जन्माला आली, हा समज उलटा आहे. कार्ल बेंझ यांची १८८६ ची तीनचाकी मोटार उघडी आणि दोघांचीच होती. छप्पर नंतर आले. १९२० च्या दशकात बंद गाड्या स्वस्त झाल्या, घरोघरी त्याच जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून उघडी गाडी ही मुद्दाम केलेली निवड ठरली.

त्या काळातील एक खूण आपल्या रोजच्या बोलण्यात राहिली आहे. जुन्या दुआसनी गाड्यांच्या मागच्या भागात झाकण उघडले की एक जादा बाक निघे. त्यावर बसणाऱ्याला ऊन, वारा, धूळ सगळे सोसावे लागे. या बाकाला इंग्लंडमध्ये ‘डिकी’ म्हणत. बाक गेला, त्या जागी सामान आले, नाव मात्र भारतात टिकले. सातारा स्टँडवर टॅक्सीवाल्याला ‘डिकी उघडा’ म्हणणारा प्रवासी नकळत याच बाकाचे नाव घेतो.

रोडस्टरचा बहराचा काळ इंग्लंडचा. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमधून निघालेल्या ‘एमजी’ने साध्या मोटारींचे भाग वापरून परवडणाऱ्या उघड्या गाड्या केल्या. १९४५ ते १९४९ दरम्यानच्या एमजी टीसीला १२५० सीसीचे इंजिन होते आणि वजन सुमारे आठशे किलो. इंग्लंडमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांना या गाड्यांची गोडी लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. १९४८ मध्ये जग्वारची एक्सके १२० आली. नावातला आकडा ताशी १२० मैलांचा, म्हणजे सुमारे १९३ किमी. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत चालली. तिच्या बंद टपाच्या प्रकारासह पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. पुढे अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक झाले, उलटल्यावर उघडी गाडी प्रवाशांना वाचवणार कशी हा प्रश्न रास्तच होता, आणि बहुतेक कारखान्यांनी हा प्रकार सोडून दिला. १९८९ मध्ये जपानच्या माझ्दाने एमएक्स-५ आणून तो पुन्हा जिवंत केला. पुढे इंजिन, त्याची ताकद मागच्या चाकांना आणि एक टनाहून कमी वजन, असा जुना इंग्रजी हिशेब तिने विश्वासू यंत्रात बसवला. २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला.

उघडी गाडी बांधणे बंद गाडीपेक्षा अवघड असते. झाकण लावलेला पत्र्याचा डबा पिळून पाहा, दाद देत नाही. झाकण काढले की लगेच वाकतो. गाडीचे तसेच आहे. टप नसला की खड्ड्यातून जाताना सांगाडा पिळवटतो, पुढची काच थरथरते. म्हणून दारांखालचे पट्टे जाड करावे लागतात, तळाला आडव्या पट्ट्या जोडाव्या लागतात, आणि टप काढूनही वजन वाढते.

भारतात या प्रकाराने मूळ धरले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या फायबरच्या दुआसनी गाडीला रेनोचे छोटे इंजिन होते. हा प्रयत्न धाडसी होता, पण गाडी फारशी खपली नाही. घरात एकच गाडी घेणारा माणूस दोन आसनांवर कसा भागवणार?

सातारा जिल्ह्यात मात्र तिला साजेसे रस्ते आहेत : वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासचा रस्ता. वळणे जवळजवळ असल्याने येथे ताकदीपेक्षा हलकेपणा उपयोगी पडतो. अडचण हवेची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हूड बंदच. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत भागांत पाऊस थोडा, पण उन्हाळ्यात धुळीने आणि उन्हाने बसवत नाही. राहते ती दिवाळीनंतरची थंडी. तेव्हा कराड-ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) पट्ट्यात गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास थेट गाडीत येतो. याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. रोडस्टर जमिनीलगत असल्याने चालकाची नजर ट्रॉलीच्या चाकांच्या उंचीवर येते. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर ती चालवू नये.