रडारच्या डोळ्याआडचा घाट

मुंबईतल्या कुलाब्याच्या हवामान रडारवर साताऱ्याच्या घाटात फिकट रंग दिसला की तिथे पाऊस बेताचाच आहे, असं धरून चालू नये. रडारचा रेडिओलहरींचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाच्या कोनात निघतो. त्यात पृथ्वीचा गोलावा धरला, तर मुंबईपासून सुमारे १४० किलोमीटरवरच्या महाबळेश्वरपाशी झोताचा मध्य समुद्रसपाटीपासून २.४ किलोमीटर उंच असतो आणि १७० किलोमीटरवरच्या चिपळूणला ३.२ किलोमीटर. जुलैत घाटातले ढग मात्र बरेचदा बुटके असतात. बर्फ न होताच त्यांच्यात थेंब वाढतात आणि पावसाचा खरा जोर खालच्या थरात असतो. तो झोताखालून निसटतो. मुंबईतल्याच वेरावलीच्या रडारने शहराची सोय झाली, पण ते कुलाब्याच्याही उत्तरेला आहे, त्यामुळे दक्षिणेकडच्या घाटाला त्याचा फारसा उपयोग नाही.

मग अंदाज कशावर बांधतात? मुख्यतः वाऱ्यावर. हिशेब सोपा आहे. सेकंदाला १५ मीटर वेगाचा पश्चिमी वारा २० किलोमीटर अंतरात १,००० मीटर चढला, तर हवा सेकंदाला पाऊण मीटर वर जाते. एक घनमीटर हवेत २० ग्रॅम बाष्प असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला १५ ग्रॅम, म्हणजे तासाला ५४ मिलिमीटर पाऊस निघतो. ही झाली कमाल मर्यादा. सगळ्या बाष्पाचं पाणी होत नाही आणि काही थेंब वाऱ्याबरोबर माथा ओलांडून पलीकडे पडतात. पण वारा वाढला की पाऊस का वाढतो, ते यातून कळतं. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा किंवा बंगालच्या उपसागरातून मध्य प्रदेशाकडे सरकणारं कमी दाबाचं क्षेत्र हाच वारा जोरात ओढतं. ते दोन-तीन दिवस आधी दिसतं, म्हणून घाटावर मोठा पाऊस येणार हे बहुधा बरोबर ठरतं.

चुकते ती जागा. अंदाजासाठी संगणकावर चालवल्या जाणाऱ्या, १२ किलोमीटरच्या चौकटींच्या प्रारूपात सह्याद्रीचा उभा कडा सौम्य उतार होऊन बसतो, दऱ्या तर नाहीशाच होतात. त्यामुळे माथ्यावरचा पाऊस कमी आणि आजूबाजूचा जास्त दाखवला जातो. चौकट ६ किंवा ३ किलोमीटरची केली की कडा सुधारतो, पण एकेका ढगाची जागा तरीही हुकते. सपाट मुंबईतही २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. मधलं अंतर २५ किलोमीटरही नाही.

अंदाज बरोबर ठरला का, याच्या पडताळणीलाही अडचण येते. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे अशा मापकात जवळजवळ १२ लिटर. १० लिटरची बाटली तोवर भरून वाहू लागते, म्हणून मधेच मोजून ती रिकामी करावी लागते. स्वयंचलित मापकाची तऱ्हा वेगळी: त्यातलं डोलतं भांडं भरून उलटत असताना वरून पडणारं पाणी मोजलं जात नाही आणि नळीत पाला अडकला तर धो धो पावसातही आकडा रेंगाळतो. जोराचा वारा थेंब तोंडावरून उडवतो तो भाग निराळाच. या सगळ्या चुका एकाच दिशेच्या, पाऊस कमी दाखवणाऱ्या.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे वाचून लोक निर्धास्त होतात, ते चूक. तुरळक म्हणजे पाऊस मोजणारी फार तर चौथ्या हिश्शाची केंद्रं, आणि अतिमुसळधार म्हणजे तिथे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. माळशेज किंवा ताम्हिणीला निघण्याआधी जिल्ह्याचा नव्हे, घाट विभागाचा स्वतंत्र इशारा पाहा. आणि बातमीतला ‘आजचा पाऊस’ बहुतेकदा काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा असतो.