उलटणारी गाय आणि लसणाची पाकळी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यात संकरित गाय तिसऱ्यांदा उलटली, म्हणजे फळवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की जाणता मालक आधी तिचा सोट, म्हणजे माजावर योनीतून येणारा चिकट स्राव, बघतो. निरोगी गाईचा माजावरचा सोट अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा नितळ आणि लोंबता असतो. त्यात पांढुरके वा पिवळसर कण दिसू लागले, तर गर्भाशयाच्या अस्तराला सूज असून आत थोडा पू राहिल्याची शंका घ्यावी. अशा गाईला ताप नसतो, ती चारा खाते, दूधही देते; फक्त गाभण राहत नाही.

व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व गाईंच्या गर्भाशयात जिवाणू शिरतात, कारण तोंड उघडे असते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गोठ्याची जमीन सहसा कोरडी राहत नाही. गर्भाशय आकुंचन पावून घाण बाहेर टाकते आणि पांढऱ्या पेशी उरलेले जिवाणू गिळतात. वार अडकली किंवा वीण अवघड झाली, की हे काम रखडते. भरपूर दूध देणारी गाय या दिवसांत खाण्यातून मिळते त्यापेक्षा अधिक ऊर्जा दुधात घालते आणि त्यामुळे तिच्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. मग ई. कोलाय आणि त्याच्यामागून ट्रुपेरेला पायोजेनिस हा पू करणारा जिवाणू तिथे ठाण मांडतो.

यावर ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक थेट गर्भाशयात सोडण्याची पद्धत जुनी आहे. मात्र औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून ठरावीक दिवस ते दूध विकता येत नाही, आणि अशा दुधाला घरी विरजण लावले तर दही नीट लागत नाही, कारण औषध दह्याच्या जिवाणूंनाही सोडत नाही. वारंवार वापराने औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात ते निराळेच. त्यामुळे लसूण, हळद, कडुनिंब, तुळस आणि गुळवेल यांच्याकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे.

यांत लसणाची गोष्ट सर्वांत उद्बोधक आहे. अख्ख्या पाकळीत जिवाणूनाशक ॲलिसिन जवळजवळ नसतेच. पाकळी ठेचली, की तिच्यातले एक विकर (एन्झाइम) ॲलिइन या पदार्थापासून काही क्षणांत ॲलिसिन तयार करते, आणि ते जिवाणूंच्या विकरांतील गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. पाकळी ठेचण्याआधीच शिजवली, तर हे विकर मरते. शिवाय ॲलिसिन टिकाऊ नसते आणि पू, रक्त यांतील गंधकयुक्त रेणूंशीही त्याची गाठ पडते, म्हणून प्रयोगशाळेतल्या काचपात्रातले यश गर्भाशयात तसेच्या तसे मिळत नाही. भारतात लसणाचा मोजून घेतलेला अर्क गर्भाशयात सोडून झालेल्या लहान प्रयोगांत जिवाणूंची संख्या घटलेली आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. माझ्या मते यांतली दुसरी नोंद अधिक मोलाची आहे, कारण उरलेले जिवाणू गिळण्याचे काम याच पेशींचे. घरच्या खलबत्त्यातली चटणी मात्र आत कधीही सोडू नये, कारण तिने नाजूक अस्तर भाजते आणि नवे जिवाणूही आत जातात.

पोटातून देण्याचा मार्ग त्या मानाने निर्धोक आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या पारंपरिक उपचारांत उलटणाऱ्या गाईला माजाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसापासून रोज एक पांढरा मुळा पाच दिवस, मग कोरफडीचे एक पान चार दिवस, त्यानंतर शेवग्याचा पाला, कांडवेल आणि शेवटी हळदीसह कढीपत्ता, प्रत्येकी चार दिवस, गूळ-मिठाबरोबर भरवतात. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेल्या घरी यातले बरेचसे दारातच सापडते.

तरीही एक हिशेब विसरून चालत नाही. सौम्य सुजेच्या कितीतरी गाई पुढच्या एक-दोन माजांत आपोआप सुधारतात, कारण माजात गर्भाशयाचे तोंड उघडते आणि त्याची प्रतिकारशक्तीही वाढते. म्हणून ‘दहा गाईंना पाला दिला, सहा गाभण राहिल्या’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही; काहीही न दिलेल्या दहा गाईंपैकी किती राहिल्या, हे शेजारी मांडावे लागते. व्याल्यावर काही दिवसांतच ताप, दुर्गंधीयुक्त लालसर पातळ स्राव आणि चाऱ्यावरून उडालेले मन ही लक्षणे असतील, तर तिथे पाल्याचे काम नाही. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे आणि त्यांनी सांगितलेले प्रतिजैविक पुरते द्यावे. बारा तास उलटूनही वार लोंबत असेल, तर ती हाताने ओढू नये, कारण आतले अस्तर फाटले की पुढच्या पुवाला तेवढीच वाट मिळते.