अ‍ॅमिटीव्हिलचं घर: सहा खून, 28 दिवस आणि एक रिमेक

एप्रिल 2005 मध्ये ‘द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर’ अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा जाहिरातीत सगळा जोर होता तो सत्य घटनेवर आधारित असण्यावर. 1979 च्या त्याच नावाच्या चित्रपटाचा हा रिमेक. रायन रेनॉल्ड्स आणि मेलिसा जॉर्ज नवरा-बायकोच्या भूमिकेत, आणि धाकट्या मुलीच्या भूमिकेत तेव्हा अगदी लहान असलेली क्लोई ग्रेस मोरेट्झ. एक कुटुंब स्वस्तात मिळालेल्या मोठ्या घरात राहायला जातं, 28 दिवसांत जीव मुठीत धरून पळतं, एवढीच गोष्ट. पाहून झाल्यावर प्रत्येकाला पडणारा प्रश्न मात्र एकच असतो: यातलं खरं किती?

याचं बरंचसं उत्तर पोलिसांच्या तपासात आणि कोर्टाच्या निकालांत मिळतं. ते नीट सांगायला हवं, कारण या सगळ्याच्या मुळाशी झोपेत मारली गेलेली माणसं आहेत, आणि त्यांतले तिघे शाळेत जाणारे होते.

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अ‍ॅमिटीव्हिल हे छोटं गाव आहे. तिथल्या ओशन अ‍ॅव्हेन्यूवर 112 क्रमांकाचं डच वसाहती धाटणीचं तीन मजली घर होतं. मागे कालवा, कालव्यावर बोटींसाठी शेड, आणि वरच्या मजल्यावर पाव चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन खिडक्या. पुढे जगभर प्रसिद्ध झालेले ते ‘डोळे’ म्हणजे याच खिडक्या. ब्रुकलिनमध्ये सासऱ्यांच्या मोटारविक्रीच्या धंद्यात काम करणारे रोनाल्ड डिफेओ बायको-मुलांसह इथे राहत. दारासमोर पाटी होती ‘हाय होप्स’. शहरातून निघून पाण्याकाठच्या घरात आलेल्या माणसाने मोठ्या उमेदीने लावलेली पाटी.

13 नोव्हेंबर 1974 च्या पहाटे तीनच्या सुमारास थोरल्या मुलाने, 23 वर्षांच्या रोनाल्ड ज्युनिअरने, .35 कॅलिबरच्या मार्लिन रायफलने आई, वडील, दोन बहिणी आणि दोन भाऊ अशा सहाजणांना त्यांच्या बिछान्यातच मारलं. भावंडांची वयं 18, 13, 12 आणि 9. संध्याकाळी तो जवळच्या बारमध्ये धावत गेला आणि आई-वडिलांना कुणीतरी गोळ्या घातल्याचं ओरडून सांगू लागला. आधी त्याने माफियाच्या मारेकऱ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी कबुली दिली. हेरॉइन आणि एलएसडीचं व्यसन, वडिलांशी सततची भांडणं, पैशावरून खटके, हे सगळं खटल्यात बाहेर आलं.

खटला ऑक्टोबर 1975 मध्ये उभा राहिला. बचाव पक्षाचे वकील विल्यम वेबर यांनी आरोपी वेडाच्या भरात होता, त्याला आवाज ऐकू येत होते, अशी मांडणी केली. दोन्ही बाजूंनी मनोविकारतज्ज्ञ उभे राहिले. ज्युरीने 21 नोव्हेंबरला त्याला सहाही खुनांबद्दल दोषी धरलं आणि पुढच्या महिन्यात 25 वर्षं ते जन्मठेप अशा सहा शिक्षा झाल्या. ‘आवाज ऐकू येत होते’ हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. भुताच्या गोष्टीचं बी इथेच पडलं, आणि ते पेरलं एका वकिलाने, आपल्या अशिलाला वाचवण्यासाठी.

शिक्षा होऊन महिनाही उलटला नव्हता तोच, 18 डिसेंबर 1975 रोजी, जॉर्ज आणि कॅथी लुट्झ हे नवविवाहित जोडपं त्या घरात राहायला आलं. कॅथीची आधीच्या लग्नाची तीन मुलं सोबत होती. किंमत 80,000 डॉलर. अशा घराच्या मानाने कमी, पण त्यांच्या ऐपतीच्या मानाने भरपूर. डिफेओ कुटुंबाचं काही फर्निचरही त्यांनी घरासोबतच विकत घेतलं. 14 जानेवारी 1976 ला, 28 दिवसांनी, सामान तसंच टाकून ते निघून गेले आणि परत आले नाहीत.

नेमकी याच ठिकाणी माहिती आणि कल्पना यांची सरमिसळ सुरू होते. घर सोडल्यावर लुट्झ दांपत्याची गाठ पडली ती वकील वेबर यांच्याशी. वेबर यांना खटला पुन्हा उभा करण्यासाठी आधार हवा होता, शिवाय पुस्तकाचा बेतही होता. पुढे दोघांचं फिसकटलं. लुट्झ दांपत्याने आपल्या आठवणी टेपवर सांगितल्या आणि त्या टेपांवरून लेखक जे अ‍ॅन्सन यांनी पुस्तक लिहिलं. सप्टेंबर 1977 मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ती ‘सत्यकथा’ असल्याचं छापलेलं होतं. लाखो प्रती खपल्या. रोज पहाटे 3:15 ला जॉर्जला जाग येणं, हिवाळ्यात खोलीभर माश्या, भिंतींतून झिरपणारा चिकट द्रव, आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीला ‘चालता हो’ म्हणणारा आवाज, धाकट्या मुलीची ‘जोडी’ नावाची डुकरासारखी अदृश्य मैत्रीण, बर्फात उमटलेली दुभंगलेल्या खुरांची चिन्हं, हे सगळं त्यात आहे. ज्या दिवशी खुरांची चिन्हं दिसली असं लिहिलंय त्या सुमारास तिथे बर्फच पडला नव्हता, हे हवामानाच्या नोंदींवरून पुढे दाखवून दिलं गेलं.

पुस्तकाने आणखी एक धागा जोडला. शिनेकॉक या मूळ अमेरिकी जमातीचे लोक त्या जागी वेड्यांना आणि मरणाला टेकलेल्यांना कोंडून ठेवत असत, असा. शिनेकॉक लोकांची वस्ती तिथून कित्येक मैल पूर्वेला, साउदॅम्प्टनजवळ. ते आजही तिथेच राहतात. 2010 मध्ये अमेरिकी संघराज्य सरकारने त्यांना अधिकृत मान्यता दिली. वेड्यांच्या कोंडवाड्याच्या कथेला कसलाही आधार नाही, आणि आजारी माणसांना मरायला टाकून देणारे लोक अशी एका जिवंत समाजाची प्रतिमा त्यातून पसरली. मला हा या प्रकरणातला सर्वांत वाईट अन्याय वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

1976 च्या मार्चमध्ये एक टीव्ही वाहिनी काही परामानसशास्त्रज्ञांना, म्हणजे भुताखेतांचा शोध घेणाऱ्यांना, घेऊन त्या घरात रात्र काढून आली. त्यांत एड आणि लॉरेन वॉरन होते. ‘द कॉन्ज्युरिंग’ मालिकेमुळे आज आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही माहीत असलेलं हे जोडपं. त्या मालिकेच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच अ‍ॅमिटीव्हिलच्या घरात होते. वॉरन दांपत्याने तिथे दुष्ट शक्ती असल्याचा निर्वाळा दिला.

मग सगळे एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले. लुट्झ यांनी वेबर आणि काही प्रकाशनांवर दावा लावला, वेबर यांनी उलट दावा. सप्टेंबर 1979 मध्ये ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांच्यासमोर सुनावणी झाली. लुट्झ यांचे दावे फेटाळताना न्यायाधीशांनी म्हटलं की, ऐकलेल्या गोष्टींवरून हे पुस्तक बऱ्याच अंशी काल्पनिक दिसतं आणि ते मोठ्या प्रमाणात वेबर यांनी सुचवलेल्या गोष्टींवर उभं आहे. वेबर यांनी त्याच वर्षी एका साप्ताहिकाला उघडपणे सांगितलं होतं की, ही भयकथा आम्ही वाइनच्या बाटल्या रिचवत मिळून रचली. घराच्या पुढच्या मालकांनीही लुट्झ, अ‍ॅन्सन आणि प्रकाशकावर दावा केला. तो कोर्टाबाहेर मिटला. त्या मालकांना घरात भूत कधी भेटलं नाही. भेटले ते गाड्या भरभरून येणारे बघे.

लुट्झ दांपत्याने मात्र आपला शब्द कधी मागे घेतला नाही. 1979 मध्ये दोघांनी लाय डिटेक्टर चाचणी दिली आणि दोघेही ‘पास’ झाले. अशा चाचणीवर फार विसंबता येत नाही, तरी हेही सांगितलं पाहिजे. मला वाटतं, त्या घरात त्यांना भीती खरोखर वाटली असावी. नवं लग्न, डोक्यावर कर्ज, तीन लहान मुलं, कडाक्याची थंडी, आणि वर्षभरापूर्वी जिथे सहाजण मारले गेले त्या खोल्यांत त्याच घरातलं फर्निचर. एवढं असल्यावर झोप उडायला भुताची गरज लागत नाही. पण वाटलेली भीती आणि भिंतीतून झिरपणारा द्रव यांत मोठं अंतर आहे, आणि ते पैशाच्या वाटेने पार केलं गेलं.

1979 च्या जुलैमध्ये स्टुअर्ट रोझेनबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. जेम्स ब्रोलिन, मार्गो किडर, रॉड स्टायगर. चित्रण अ‍ॅमिटीव्हिलमध्ये करता आलं नाही, म्हणून न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हरमधल्या घराला तशा खिडक्या बसवण्यात आल्या. चित्रपटाने अमेरिकेत 8 कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्यानंतर 1982 आणि 1983 मध्ये आणखी दोन भाग आले, मग टीव्हीसाठी, मग थेट व्हिडिओवर, आणि अलीकडे तर गावाचं नाव शीर्षकात घालून कुणीही काहीही काढतं.

2005 चा रिमेक आला तो प्लॅटिनम ड्यून्सकडून, म्हणजे मायकल बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कंपनीकडून. त्यांची रीत ठरलेली होती. सत्तर-ऐंशीच्या दशकातला नावाजलेला भयपट घ्यायचा, जाहिरातींच्या दुनियेतला दिग्दर्शक घ्यायचा, खर्च आटोक्यात ठेवायचा. 2003 मध्ये ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ त्यांनी असाच पुन्हा केला होता. त्याचेच पटकथाकार स्कॉट कोसार इथेही होते. दिग्दर्शक अँड्र्यू डग्लस जाहिरातींतून आणि माहितीपटातून आलेले. सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 10 कोटींहून अधिक गल्ला जमवला.

चित्रपट म्हणून तो वाईट नाही. रेनॉल्ड्सचा जॉर्ज हळूहळू तापट, मग कुऱ्हाड घेऊन फिरणारा होतो, आणि ते पटतं. पण ‘सत्य’ म्हणावं असं जे थोडं शिल्लक होतं, तेही इथे हातचं सुटलं. पुस्तकातली डुकरासारखी ‘जोडी’ इथे डिफेओ कुटुंबातली खून झालेली मुलगी बनते. त्या कुटुंबात जोडी नावाची मुलगी नव्हतीच. शिनेकॉक कथेच्या जागी तळघरात मूळ रहिवाशांचे हाल करणारा केचम नावाचा धर्मोपदेशक येतो. जॉर्ज घरातल्या कुत्र्याला मारतो, हीसुद्धा पटकथेची भर. खुद्द जॉर्ज लुट्झ या चित्रपटावर इतके संतापले की त्यांनी निर्मात्यांना कोर्टात खेचलं. कॅथी चित्रीकरण चालू होतं त्याच वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये वारल्या. जॉर्ज मे 2006 मध्ये गेले. ज्यांनी ही गोष्ट बाजारात आणली, त्यांनाच शेवटी तिच्यावर हक्क सांगण्यासाठी भांडावं लागलं.

खिडक्यांचा आकार पुढे बदलण्यात आला आणि घराचा क्रमांकही बदलला. रोनाल्ड डिफेओ ज्युनिअर मार्च 2021 मध्ये, 69 व्या वर्षी, कैदेतच मेला. पॅरोल कधी मिळाला नाही. तोपर्यंत त्याने आपली हकिगत अनेकदा बदलली. कधी बहिणीवर खापर फोडलं, कधी आणखी कुणावर. जे खरोखर विचारण्यासारखं होतं, ते या सगळ्या चित्रपटांनी बाजूला ठेवलं. इतक्या मोठ्या आवाजाच्या रायफलच्या एकामागून एक गोळ्या सुटत असताना पलीकडच्या खोल्यांतलं कुणी उठून पळालं का नाही? सगळे पालथे पडलेले का सापडले? शेजाऱ्यांना फक्त कुत्र्याचं भुंकणं कसं ऐकू आलं? रायफलला आवाज दाबणारी नळी लावल्याचा पुरावा मिळाला नाही आणि कुणाला गुंगीचं औषध दिल्याचंही आढळलं नाही. आई आणि 13 वर्षांची मुलगी त्या क्षणी जाग्या असाव्यात, असं पुरावा सुचवत होता.