विज्ञान अभ्यासक्रम, वंशभेद आणि पदव्युत्तर तयारी (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीच्या काळात विज्ञान व गणिताचे कोणते विषय कोण घेतो, कोण पूर्ण करतो आणि कोण मध्येच सोडतो, यांत वंशसमूहांनुसार तफावत आढळते. पीएच.डी.च्या प्रवेशापर्यंत पोचण्याची तयारी याच विषयांवर अवलंबून असल्यामुळे तेथील शिक्षण-संशोधनात या प्रश्नाची दीर्घकाळ चर्चा होत आली आहे. विज्ञान-संशोधनाला निधी देणारी तेथील सरकारी संस्था नॅशनल सायन्स फाउंडेशन कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचे, म्हणजे लॅटिनो) व मूळ अमेरिकी या समूहांना विज्ञानक्षेत्रात अल्प प्रतिनिधित्व असलेले समूह मानते.

या समूहांना विज्ञानाची ओढ कमी असते, हा समज आकडेवारीपुढे टिकत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि श्वेतवर्णीय विद्यार्थी विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची निवड जवळपास सारख्याच प्रमाणात करतात. मात्र पुढे शाखा बदलणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे ४०, लॅटिनोंत ३७ आणि श्वेतवर्णीयांत २९ टक्के होते. म्हणजे खरी गळती प्रवेशानंतरची आहे.

तिचे एक मूळ शाळेत आहे. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१३-१४ च्या पाहणीत कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी मोठ्या संख्येने असलेल्या माध्यमिक शाळांपैकी ३३ टक्के शाळांतच कॅल्क्युलस शिकवले जात होते. हे विद्यार्थी कमी असलेल्या शाळांत ते प्रमाण ५६ टक्के होते. महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे किंवा अभियांत्रिकीचे विषय एकमेकांत गुंफलेले असतात: कॅल्क्युलस झाल्याखेरीज विकल समीकरणे (डिफरन्शियल इक्वेशन्स) नाहीत आणि ती झाल्याखेरीज पुंजयामिकीसारखे (क्वांटम मेकॅनिक्स) वरचे विषय पेलत नाहीत. त्यामुळे पहिल्याच सत्रात बीजगणिताची उजळणी करावी लागलेला विद्यार्थी पुढे कितीही चांगला निघाला, तरी चार वर्षांत वरच्या विषयांपर्यंत पोचायला त्याला वेळ अपुरा पडतो.

परंतु पूर्वतयारीवर सगळा भार टाकणेही बरोबर नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत गणिताचे अध्यापक उरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय आणि यशस्वी होणाऱ्या चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. घरची परिस्थिती, शाळेतील गुण, प्रेरणेचा अभाव ही नेहमीची कारणे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. ठळकपणे दिसले ते असे की चिनी-अमेरिकन विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, तर कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुधा एकटेच अभ्यास करीत आणि अडले तरी कोणाला विचारत नसत. यावरून त्यांनी उजळणीवर्गांऐवजी मुद्दाम कठीण उदाहरणे गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल लक्षणीय सुधारले. दुबळ्यांना सोपे द्यावे, या रूढ उपायाला हा प्रयोग सरळ छेद देतो. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या मायरहॉफ शिष्यवृत्ती योजनेनेही गट-अभ्यास आणि लवकर मिळणारा प्रयोगशाळेचा अनुभव यांवर भर दिला. कोविड लशीच्या संशोधनात सहभागी असलेल्या किझमेकिया कॉर्बेट या त्याच योजनेच्या विद्यार्थिनी होत.

पदव्युत्तर तयारी केवळ गुणपत्रिकेने ठरत नाही. संशोधनाचा अनुभव आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रेही लागतात, आणि फी भागवण्यासाठी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत बिनपगारी राबणे परवडत नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेच्या गुणांत वंशवार अंतर मोठे असल्याने किमान गुणांची मर्यादा लावून अर्ज गाळण्याच्या पद्धतीवर टीका झाली आणि अनेक विभागांनी ही अट काढून टाकली. फिस्क (ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ) व व्हँडरबिल्ट या विद्यापीठांनी २००४ मध्ये एम.ए.मार्गे पीएच.डी.कडे नेणारी सेतू-योजना आखली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केल्याने अशा योजनांपुढे कायदेशीर प्रश्न उभे राहिले आहेत.

'आशियाई' हा एकच रकाना या आकडेवारीत फसवा ठरतो, कारण त्यात भारतीय अभियंत्यांची मुले आणि कंबोडियातून आलेल्या निर्वासितांची मुले एकत्र मोजली जातात. पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर गेलेले पीएच.डी.चे विद्यार्थी तर फाउंडेशनच्या वंशवार कोष्टकांत येतच नाहीत. त्यांची नोंद तात्पुरत्या व्हिसाधारकांत वेगळी होते.